पिंडाकासवाल्या मावशी

कोणी काही ठासून सांगितलं की मावशी आधी हातातला कप खाली ठेवायच्या, मग चष्मा काढायच्या आणि विचारायच्या, "कोणी सांगितलं?"

समोरचा नाव सांगायचा. मावशी मान हलवायच्या. "बरं. आणि त्यांना कोणी सांगितलं?"

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक माणसं गडबडतात. तुम्हीही अशी एखादी व्यक्ती पाहिली असेल. तिच्यासमोर आपण जपून बोलतो, तरी तिच्याकडे जायचं टाळत नाही.

मावशी आमच्या ॲन आर्बरच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या नागपूरकडच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. शिष्यवृत्ती मिळवून त्या भाषाशास्त्र शिकायला हॉलंडला गेल्या, तिथे अकरा वर्षं राहिल्या आणि मग इकडे अमेरिकेत आल्या. जुनी डच कागदपत्रं वाचून त्यांचा इंग्रजीत अनुवाद करून द्यायचा, हे त्यांचं काम. जहाजांच्या याद्या, मळेवाल्यांची पत्रं, मिशनऱ्यांचे शब्दकोश. हिवाळ्यात गाडी चालवत नसत. पाठीवर सॅक, डोक्यावर लाल लोकरी टोपी, अशा बसने कुठेही जायच्या. घरात एकच फोटो होता, बाबासाहेबांचा, आणि त्याखाली फुलांऐवजी कायम उघडं पुस्तक.

माझा नवरा दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये काम करतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. मी घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. त्यामुळे ईशा, माझी नऊ वर्षांची मुलगी, शाळेतून आली की बऱ्याचदा मावशींकडेच असायची. ईशाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधीसुधी नाही, जिवावर बेतणारी. मी साताऱ्याची. ज्या घरात भाजी, कोशिंबीर, खिचडी सगळ्यांत कूट पडतं, त्या घरात मी वाढले आणि आता माझ्या घरात एक दाणा नाही. मावशींना हे कळलं त्या दिवशी त्यांनी ओट्यावरची दाण्याची बरणी उचलली, बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या आणि हात तीनदा धुतले. मी म्हटलं, "अहो मावशी, एवढं कशाला, बंद कपाटात ठेवली असती तरी चाललं असतं."

"पोरगी इथे येणार आहे ना?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये पॉटलक होतं. प्रत्येकाने आपापल्या देशाचा पदार्थ आणायचा आणि समोर कार्डावर नाव आणि घटक लिहायचे. पीट नावाचे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ तिथे नेहमी येतात. लहानपणी आईवडिलांबरोबर हॉलंडहून आलेले, सुतारकाम करून निवृत्त झालेले. त्यांनी आईच्या वहीतल्या कुकीज करून आणल्या होत्या. कार्डावर आई लिहायची तसंच डचमध्ये लिहिलं होतं. पीठ, साखर, लोणी, पिंडाकास.

टेबलामागे उभ्या असलेल्या बाईंना डच येत नव्हतं, पण 'कास' म्हणजे चीज एवढं त्यांना दुकानातल्या पाकिटांवरून माहीत होतं. ईशाने विचारलं, यात नट्स आहेत का. त्या म्हणाल्या, नाही गं, चीजच्या कुकीज आहेत.

मी चार पावलांवर होते आणि कोणाशी तरी बोलत होते. हे मला पुष्कळ दिवस छळत राहिलं.

मावशींची बस उशिरा आली. त्या टोपी काढत आत आल्या, टेबलापाशी थांबल्या आणि सवयीने कार्डं वाचू लागल्या. मग मी त्यांचा आवाज ऐकला. त्या ओरडल्या नव्हत्या, पण आवाज असा होता की आख्खा हॉल वळला.

"ईशा, तोंडातलं थुंक. आत्ता."

ईशाने थुंकलं. एक घास पोटात गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ममा, माय माउथ फील्स फनी." तिचा वरचा ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजत होता.

ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन माझ्या कोटाच्या खिशात होतं आणि कोट दाराजवळच्या रॅकवर, चाळीसएक कोटांच्या खाली. सगळे काळे. मी एकेक ओढून जमिनीवर टाकत होते. मागून ईशाचा खोकला ऐकू येत होता, आणि मावशींचा आवाज, एकसुरी, शांत. "माझ्याकडे बघ. नाकाने श्वास घे. आई येतेय. माझ्याकडेच बघ." त्यांनी तिला जमिनीवर आडवं केलं होतं, पाय आपल्या सॅकवर उंच ठेवले होते आणि दुसऱ्या हाताने कोणाला तरी फोन लावायची खूण करत होत्या.

पेन सापडलं. मी तिच्या मांडीत टोचलं. दहापर्यंत मोजायचं असतं, पण मला आकडे आठवेनात. मावशी मोजत होत्या, मराठीत. एक, दोन, तीन.

ॲम्ब्युलन्स आली. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि सोडलं. ईशा वाचली. मावशी पाच मिनिटं उशिरा आल्या होत्या. बस दहा मिनिटं उशिरा आली असती तर, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

दुसऱ्या दिवशी पीट आमच्या दाराशी आले. टोपी हातात, डोळे सुजलेले. "मी आईच्या वहीतलं जसंच्या तसं उतरवलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ईशाने त्यांना आत बोलावलं आणि आपला लेगोचा किल्ला दाखवला. ते किल्ल्याकडे बघत बसले.

हे प्रकरण इथेच मिटलं असतं. पुढचं मात्र मावशींच्या स्वभावाने वाढवलं.

सेंटरच्या संचालिकेला वाटत होतं की लोकांच्या मनातली भीती जावी आणि पीटनाही पुन्हा सगळ्यांत मिसळता यावं. तिने मार्चमध्ये 'शब्द आणि स्वयंपाक' नावाचा छोटा कार्यक्रम ठरवला. भिंतीवर फलक लावायचे आणि पीटनी बोलायचं, शेंगदाण्याच्या लोण्याला डच लोक 'पिंडाकास', म्हणजे 'शेंगदाण्याचं चीज', का म्हणतात यावर. ही गोष्ट पीट चाळीस वर्षं रंगवून सांगत आले होते. हॉलंडमध्ये लोण्याचा कायदा होता, दुधापासून काढलेल्या लोण्याशिवाय दुसऱ्या कशाला लोणी म्हणायची बंदी होती, मग बिचाऱ्या व्यापाऱ्यांनी लोणी सोडलं आणि चीज धरलं. लोक दरवेळी हसायचे. फलकावरचा डच मजकूर तपासायला संचालिकेने तो मावशींना पाठवला.

मी तेव्हा त्यांच्याकडे चहा पीत होते. त्यांनी वाचलं. कप खाली ठेवला.

"हे असं नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग कसं? 'पिंडा' म्हणजे आपला पिंडच असेल ना? संस्कृतातून गेला असेल."

"कोणी सांगितलं?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"आवाज सारखा आला की आपल्या लोकांना लगेच सोयरीक दिसते," त्या हसल्या. मग हसू गेलं. त्यांनी लॅपटॉप उघडून एका जुन्या शब्दकोशाचं छायाचित्र दाखवलं. सुरिनाम ही डचांची दक्षिण अमेरिकेतली वसाहत. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबायचे. त्यांची बोली एका मिशनऱ्याने लिहून ठेवली होती. दाणे वाटायचे, दाबून त्याचा गोळा करायचा आणि चीजसारख्या चकत्या काढायच्या. त्या गोळ्याला तिथे शेंगदाण्याचं चीजच म्हणत. आणि 'पिंडा' हा शब्द त्या माणसांच्या बरोबर काँगोच्या किनाऱ्यावरून आलेला. "हॉलंडच्या दुकानात शेंगदाण्याचं लोणी यायच्या कितीतरी आधीचं आहे हे. कायदा खोटा नाही. त्याच्यामुळे नाव टिकलं असेल. पण नाव ठेवलं ते कायद्याने नाही. ज्यांनी ठेवलं त्यांचा या फलकावर एक शब्द नाही."

त्यांनी संचालिकेला तसं लिहिलं. उत्तर आलं, फार गोड भाषेत. हा हलकाफुलका कार्यक्रम आहे, पीट आधीच खचलेले आहेत, तो भाग पुढे कधीतरी घेऊ. मावशींनी परत लिहिलं, मग तपासणारी म्हणून माझं नाव काढा. त्यावर उत्तर आलं नाही. दोन बायकांनी जिन्यात त्यांच्याशी बोलणं टाकलं. "ज्याच्यामुळे मुलगी मरणाच्या दारात गेली त्याला आम्ही माफ केलं, आणि या बाईंना शब्दाचं पडलंय," असं एकीने मलाच ऐकवलं.

मावशींनी ठरवलं की पीटना स्वतः भेटायचं. "माझ्या पाठीमागून त्यांना काही कळायला नको. तू सोडशील का मला?"

मला जायचं नव्हतं. तरी गाडी काढली.

पीटचं घर लहान, लाकडी, आत सगळं स्वतःच्या हाताने केलेलं. त्यांनी कॉफी दिली. मावशींनी कागद टेबलावर मांडले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्हीच वाचा. तुमची भाषा आहे."

पीटनी वाचलं. ओठ हलत होते. मग त्यांनी कागद हळूच मावशींकडे सरकवला.

"हे मला आईने सांगितलं," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात, पावाला लावता लावता. आई खोटं बोलत होती असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. तिला जे सांगितलं गेलं ते तिने तुम्हाला प्रेमाने दिलं."

"मग राहू द्या ना ते माझ्याकडे." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आजकाल प्रत्येक गोष्टीच्या तळाशी तुम्हा लोकांना गुलामच सापडतात. पावावर लावायच्या एका पदार्थातसुद्धा."

मला मावशींच्या मानेवरची शीर उडताना दिसली.

"मी शोधायला जात नाही," त्या म्हणाल्या. "ते तिथे आहेत."

पीट उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं. बाहेरची थंडी आत येत होती. मावशींनी कागद गोळा केले, कॉफीबद्दल आभार मानले आणि बाहेर पडल्या.

गाडीत बसल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "मावशी, तो माणूस त्या दिवसापासून नीट झोपलेला नाही. ती गोष्ट सांगून लोक हसले असते, त्याला जरा बरं वाटलं असतं. एका शब्दासाठी हे सगळं? माझ्या मुलीचं झालं ते मी सोडलं, तुम्हाला काय सोडवत नाही?"

त्या बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग होते.

"आमच्या गावाबाहेर आमची वस्ती होती," त्या म्हणाल्या. "दानवाडी. गावातले सांगायचे, पाटलाच्या पणजोबांनी ही जमीन आम्हाला दान दिली म्हणून दानवाडी. शाळेत मास्तर सांगायचे. आम्ही पोरं दरवर्षी पाटलाच्या ओट्यावर जाऊन पाया पडायचो, दान दिलं म्हणून. आजी एकटी म्हणायची, दान कशाचं, दाने म्हणा. तिचं कोण ऐकतं. कॉलेजात असताना मी तहसील कचेरीत जुनी कागदं पाहिली. पाटलाचा पणजोबा जन्मायच्या आधीपासून नाव होतं, दाणवाडी. बाणातला ण. आख्ख्या गावाचं खळं तिथे असायचं आणि मळणी आमची माणसं करायची. आमच्याकडे बोलताना ण चा न होतो ना, तेवढ्या फटीतून त्यांनी दान घुसवलं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"मी कागद घेऊन घरी गेले तर आजी वारली होती. दोन महिने आधी." त्यांनी चष्मा काढून टोपीने पुसला. "पीटच्या आईच्या आठवणीला मी हात लावायला नको होता, हे खरं आहे. मला ते जमलं नाही. पण फलकावर माझं नाव नको."

आम्ही घरी आलो. त्या आठवड्यात ईशा रोज खाली जायची आणि मी जात नव्हते. राग होता की लाज, मला सांगता येणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मावशी आल्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, कोट न काढता बसल्या. भिंतीवर लोण्याच्या कायद्याचा फलक होता, खाली तपासणाऱ्यांत त्यांचं नाव नव्हतं. लोक त्यांच्याकडे बघून नजर वळवत होते. ईशा माझा हात सोडून मागे गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.

पीट उठले. माइक नको म्हणाले. त्यांनी सुरुवात केली ती नेहमीसारखीच, आईचं स्वयंपाकघर, पाव, सुरी, बरणी. लोक हसायच्या तयारीत पुढे सरकले. "मी आईला विचारलं, याला चीज का म्हणायचं," पीट म्हणाले. "आई म्हणाली, लोण्याचा कायदा होता म्हणून."

आणि ते थांबले. इतका वेळ थांबले की संचालिका अर्धी उठली.

"परवा मी माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला," ते म्हणाले. "विचारलं, आईला हे कोणी सांगितलं. ती म्हणाली, दुकानदाराने. मी विचारलं, दुकानदाराला कोणी. ती म्हणाली, पीट, तुला बरं वाटत नाहीये का?" हॉलमध्ये दोघे-तिघे हसले आणि गप्प झाले. "मला याच्या मागचं माहीत नाही. चाळीस वर्षं मी माहीत असल्यासारखं बोललो. मागे बसल्या आहेत त्या बाईंना माहीत आहे. मी त्यांना माझ्या घरातून घालवलं. त्यांनी यावं."

मावशी हलल्या नाहीत. मला वाटलं, आता त्या उठून निघून जातील. तो अधिकार त्यांना होता. ईशाने त्यांचा कोपर ढकलला.

त्या पुढे गेल्या, कोट घातलेल्याच. चार मिनिटं बोलल्या असतील. मळे, दाणे वाटणारे हात, चकत्या, किनारा, शब्द. आवाज चढला नाही. शेवटी म्हणाल्या की लोण्याच्या कायद्याची गोष्टही फलकावर राहू द्यावी, कारण तीही कोणीतरी कोणाला प्रेमाने सांगितलेली आहे. फक्त ती पहिली नाही. पुढच्या रांगेतल्या एका कृष्णवर्णीय आजीबाईंनी तो आफ्रिकेतला मूळ उच्चार पुन्हा म्हणायला सांगितला. मावशींनी म्हटला. आजीबाईंनी तो स्वतःशीच दोनदा पुटपुटला आणि पर्समधल्या कागदावर लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात दुसरा फलक लागला. जिन्यातल्या बायका काही दिवसांनी बोलायला लागल्या. मी मावशींकडे गेले आणि काही न बोलता ओट्यावरची भांडी घासली.

त्यानंतर दर गुरुवारी पीट त्यांना न्यायला यायचे. त्यांच्या आईच्या पत्रांचा एक खोका होता, कोणी न वाचलेला. घरातली भाषा त्यांना बोलता यायची, पण आईचं जुन्या वळणाचं अक्षर लागायचं नाही. मावशी वाचून दाखवायच्या. त्यांत काय होतं ते दोघांनीही आम्हाला कधी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात मावशींच्या भावाचं ऑपरेशन ठरलं आणि त्या नागपूरला निघाल्या, दोन महिन्यांसाठी. मी त्यांना डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडणार होते. वाटेत पीटच्या घरापाशी गाडी थांबवायला लावली. ते घरातल्या सपाता घालूनच बाहेर आले. दोघं भुरभुरत्या बर्फात उभी होती. मग पीटनी वाकून मावशींच्या कोटाचं वरचं उघडं बटण लावलं आणि म्हणाले, "जानेवारी." मावशी म्हणाल्या, "जानेवारी."

जानेवारीत भाऊ बरा झाला. मावशी आल्या नाहीत. डिसेंबराच्या शेवटी साधा ताप म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांत गेल्या. त्यांच्या भाचीने मला फोन केला. ती रडत नव्हती, मावशींसारखंच नेमकं बोलत होती. ताप कधी आला, कोणत्या दिवशी काय झालं, सगळं. फोन ठेवल्यावर मी ईशाला सांगितलं. तिने दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आली आणि म्हणाली, "पीटला कोण सांगणार?" मराठीत म्हणाली.

मी एकटीच गेले. पीट गॅरेजमध्ये एक फळी तासत होते. माझं तोंड पाहून त्यांनी रंधा खाली ठेवला. मी सांगितलं. ते फळीवर हात ठेवून उभे राहिले, अंगावर लाकडाचा भुसा. मग ते काहीतरी बोलले, डचमध्ये, एकच लांब वाक्य, माझ्याकडे न बघता. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. इंग्रजीत सांगा असं त्यांना म्हणायचा धीर झाला नाही, आणि ज्यांना विचारलं असतं त्या आता नव्हत्या.